जुनं ग्रीस

“निरोप कुणी पाठवला होता, बाबा?”

परसू चपला न काढताच मठाच्या ओट्यावर चढला होता. एका हातात ग्रीसचा डबा, दुसऱ्या हातात फडकं.

सोमगिरी बाबा मटार सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “कुठला निरोप?”

“रवळूदादाला. तापानं फणफणला होता तो. तसाच अंथरुणातून उठला, डोंगर चढला, तुमच्या गच्चीवर गेला. कुणी बोलावलं होतं त्याला?”

“मी.”

परसूला वाटलं होतं, बाबा उडवून लावतील, नाहीतर एखाद्या चेल्याचं नाव पुढे करतील. वाटभर तो भांडणाची जुळवाजुळव करत आला होता. आता त्याला पुढचं भांडण सापडेना.

“छत्री फार ओरडत होती,” बाबा म्हणाले. “आम्ही आरती धरली की हिचा सूर आमच्या वर. म्हणून सांगून पाठवलं. ताप आहे हे ठाऊक नव्हतं मला... विचारलंही नव्हतं.”

छत्री म्हणजे मठाच्या गच्चीवरची मोठी डिश. खाली तळवडी गाव दोन डोंगरांच्या बेचक्यात. तिथून आभाळ पुरेसं दिसत नाही, म्हणून परसूच्या थोरल्या भावानं, रवळूनं, बाबांच्या पाया पडून ती इथं बसवली आणि गावात घरोघरी केबल नेली. एकुलती एक छत्री. सकाळच्या भजनांसाठी एका उपग्रहाकडे तोंड करायची, संध्याकाळच्या मालिकांसाठी दुसऱ्याकडे. मोटारीतून एक लोखंडी दांडा आत-बाहेर सरकायचा आणि तिला फिरवायचा. दांडा बिघडला की अशी किंचाळी, की खालची कुत्री भुंकायला लागत.

दिवाळीच्या तोंडावर रवळूनं त्या दांड्याला ग्रीस लावलं. त्यानंतर तो पुन्हा वर आला नाही. कावीळ होती. कळली तेव्हा हातातून वेळ गेली होती.

परसूनं डबा खाली ठेवला आणि लाथ मारली. झाकण उडालं, डबा घरंगळत तुळशीपाशी गेला.

“उचल तो,” बाबा म्हणाले.

“नाही उचलत.”

“बरं. मग मटार सोल.”

परसू तसाच उभा राहिला. मग गेला आणि डबा उचलून आणला.

“छत्री अजून ओरडते, परश्या. आधीपेक्षा जास्त.”

“मग मी काय करू? दर आठवड्याला ग्रीस थापतोय. दादा लावायचा त्याच्या दुप्पट. गावातली पोरं दात काढतात. म्हणतात, रवळूच्या मागं छत्री रडते. निम्म्या घरांनी केबल तोडली, आता मोबाईलवरच बघतात. उद्या मोटार जळली की उरलेलेही जातील. दादानं उभं केलेलं सगळं माझ्या हातानं बुडणार.”

“रवळू कसं करायचा?”

“दांडा पूर्ण बाहेर काढायचा. जुनं ग्रीस पुसायचा, लोखंड चकचकीत दिसेपर्यंत. मग नवं. म्हणायचा, जुन्यावर नवं थापलं की धूळ आतच राहते. तीच दांडा खाते.”

“आणि तू?”

परसूनं डब्यावरची माती झटकली.

“परश्या?”

“मी पुसत नाही.”

“आळस.”

“आळस नाही!” परसू ओरडला. चुलीपाशी बसलेल्या चेल्यानं वळून पाहिलं.

“मग?”

“ते त्यानं लावलंय, बाबा.”

बाबांच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली.

“बोटानं लावायचा,” परसू म्हणाला. “ब्रश आणून दिला होता मी, तरी बोटानंच. त्या दिवशी शिडीवरून हाक मारली मला, ये वर, बघून ठेव. मी खाली मोबाईल बघत बसलो होतो. जत्रेला जायला गाडी दिली नव्हती ना त्यानं... राग होता. म्हटलं, तुझं तूच कर.”

“मग?”

“मग काय. त्यानं केलं.”

तुळशीपाशी चिमण्या भांडत होत्या. भांडून उडून गेल्या.

बाबांनी मांडीवरची सालं झटकली. “चल वर. मलाही बघायचंय. त्या दिवशी मीही इथंच बसून होतो.”

शिडी लोखंडी आणि उभी होती. बाबांचे गुडघे प्रत्येक पायरीला वाजत होते. मध्येच थांबून ते म्हणाले, “हा छत्रीचा आवाज नाही हं. याला तुझं ग्रीस चालायचं नाही.”

परसूला हसू आलं नाही. पण त्यानं हात दिला.

वर जाऊन त्यानं बटण दाबलं. दांडा बाहेर यायला लागला. करकर, कुईं, मग ती किंचाळी... समोरच्या सावरीवरचे कावळे उठले. बाबांनी कानावर हात ठेवले नाहीत. दांडा पुरा बाहेर येऊन थांबेपर्यंत ते ऐकत राहिले.

परसूनं रबराची टोपी मागे सारली. दांड्यावर काळ्याकुट्ट ग्रीसचा जाड थर होता. बोटाला रेती लागत होती.

“यातलं रवळूचं कुठलं?” बाबांनी विचारलं.

परसू वाकला. “हे,” म्हणाला. बोट पुढे नेलं, मागे घेतलं. “नाही... हे माझं. त्याचं खाली असेल.”

त्यानं नखानं थर उकरला. खालीही तसंच काळं. पलीकडच्या अंगाला पाहिलं. तेही तसंच.

“दिसतंय?”

“नाही.”

“कुणी झाकलं?”

खांद्यावरचं फडकं परसूनं हातात घेतलं, पण हात पुढे होईना. बाबांनी घाई केली नाही. ते छत्रीला टेकून खालच्या गावाकडे बघत राहिले.

बऱ्याच वेळानं फडकं चालल्याचा आवाज आला. मधूनच तो थांबायचा. नाक ओढल्याचा आवाज यायचा. मग पुन्हा फडकं.

लोखंड चकाकायला लागलं. परसूनं नवं ग्रीस लावलं. ब्रश खिशातच राहिला होता.

त्यानं बटण दाबलं. छत्री पश्चिमेकडे वळली. परत आणली. पुन्हा नेली. कुठं काही वाजलं नाही. आभाळात ढग सरकावा तशी ती फिरत होती.

“ऐकू येत नाही,” परसू म्हणाला. एखाद्यानं गाऱ्हाणं सांगावं तसा म्हणाला.

खाली उतरल्यावर बाबांनी विचारलं, “शर्टात काय कोंबलंस?”

“फडकं.”

“दे.”

“नाही देणार. घरी नेतोय.”

“घरी नेऊन काय करशील?”

“ठेवीन.”

“कुठं?”

“ट्रंकेत ठेवीन, नाहीतर उशाला घेईन! तुम्हाला काय करायचंय?”

बाबांचा पुढे केलेला हात तसाच राहिला. परसूनं त्यांच्याकडे पाठ केली. फाटकापर्यंत गेला. तिथं घुटमळला... परत आला. फडकं काढून त्या हातावर ठेवलं.

बाबांनी ते मुठीत धरलं. त्यांचा अंगठा काळा झाला. मग धुनीकडे चालू लागले.

त्या धुनीत लाकूड आणि शेणी यांखेरीज काही पडत नसे. एका जुन्या भक्तानं तिच्यात बिडीचं थोटूक टाकलं, तेव्हा बाबांनी त्याला मठाची पायरी उतरायला लावली होती.

बाबांनी फडकं धुनीत टाकलं.

चेला चुलीपासून ताडकन उठला. “बाबा, धुनी बाटली!”

ग्रीसनं पेट घेतला. जाळ एकदम पुरुषभर उंच गेला.

परसूनं झेप घेतली. हात जाळात घालणार एवढ्यात बाबांनी त्याचं मनगट पकडलं. म्हाताऱ्याच्या पंजात इतका जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“सोडा! त्याच्या हातचं होतं ते!”

“होतं.”

“एवढंच उरलं होतं, बाबा...”

बाबांनी मनगट सोडलं नाही. त्यांचे डोळे धुरानं भरले होते, की कशानं, परसूला कळलं नाही. त्यांनी त्याला धुनीशेजारी बसवलं आणि स्वतःही गुडघे वाजवत बसले.

जाळ हळूहळू खाली आला. ऊन डोंगराआड गेलं होतं. परसूनं मोकळा हात काखेत खुपसला.

बाबांनी त्याचं मनगट सोडलं आणि आपले दोन्ही तळवे धुनीसमोर धरले.

“गारठा पडलाय, परश्या. हात शेक.”