तोबियाचा तुंबा

माझ्या थोरल्या बहिणीचा, रेजिनाचा, बाप्तिस्मा झाला त्या वर्षीची ही गोष्ट. त्या वर्षी ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात परमगुरुस्वामी बासिल महाराज रोम सोडून आपल्या जन्मगावी, मोंतेकाल्वाला, आले होते. डोंगराच्या खांद्यावर बसलेलं दगडी घरांचं हे गाव. महाराज इथल्याच एका गवंड्याच्या पोटी जन्मले. पोपच्या गादीवर बसल्यावर त्यांनी पहिली आज्ञा काय केली असेल? राजवाड्यातली कारंजी बंद केली आणि ते पाणी गरिबांच्या वस्तीकडे वळवलं. अशा पुरुषाच्या गावावर दोन वर्षं पाऊस नव्हता. ते कानावर येताच कार्डिनलांचा नकार न जुमानता म्हातारे महाराज निघून आले.

देवळासमोरच्या मोठ्या टाक्याचा तळ उघडा पडला होता. दूरच्या झऱ्यावरून गाढवांवर जे पाणी येई, ते गावचा मुखिया सिल्वेरिओ घरोघर वाटून देई. माणूस कामाचा, पण फार ताठ. शेळ्या पाणी फार पितात, तेव्हा ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी, त्या कापून टाकायच्या, असं त्याने ठरवलं होतं. शेळ्या होत्या एकट्या तोबियाच्या. त्याला ना बायको, ना मूल. शेळ्यांना तो नावाने हाका मारी, आणि त्या येत.

आता त्या गावची एक चाल सांगतो. पवित्र गुरुवारी प्रभू येशूची आठवण म्हणून बारा जणांचे पाय धुतले जातात. त्या बारा जणांनीच घरून तांब्याभर पाणी आणून वेदीपुढच्या घंगाळात ओतायचं. यंदा पाय धुणार साक्षात परमगुरुस्वामी! मुखियाने मोठाल्या घरची माणसं निवडली, स्वतःला पहिलं. आणि सगळ्यांच्या मनात एकच आलं, की स्वामींच्या हाताला आपल्या पायांची घाण कशी लागू द्यायची? प्रत्येकाने वाट्याचं पाणी घरीच पायांवर ओतलं, साबणाने टाचा घासल्या. घंगाळात बाकीचे ओततीलच, असं समजून सगळे रिकाम्या हाताने आले. त्यातला बारावा, गावचा गिरणीवाला, तापाने अंथरुणाला खिळला, म्हणून एक बाक रिकामा राहिला.

तोबिया दाराशी उभा होता. पाय भेगाळलेले, शेणामातीने भरलेले. हातात भोपळ्याचा वाळका तुंबा आणि त्यात त्याच्या वाट्याचं पाणी. स्वामींना कमी पडू नये म्हणून तो ते घंगाळात ओतायला आला होता. मुखियाने त्याला पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुझे पाय धुवायला नदी लागेल रे, तोबिया. जा, आधी नदी घेऊन ये." बाकांवर हशा पिकला.

इतक्यात महाराज आले. कमरेला पंचा बांधून ते घंगाळापाशी गेले, तर घंगाळ कोरडं ठणठणीत! पाणी कोणी आणलंय, असं त्यांनी विचारलं. अकराही जण एकमेकांकडे बघू लागले. दाराशी तेवढा एक तुंबा वर झाला. महाराजांनी तोबियाला जवळ बोलावून रिकाम्या बाकावर बसवलं.

मुखियाला ते सहन झालं नाही. हा शेळीवाला आहे, इथे बसण्याची त्याची पायरी नाही, असं तो बोलून गेला.

महाराज म्हणाले, "सिल्वेरिओ, तुमचे पाय धुतलेलेच आहेत. तुमच्यापाशी माझं काय काम?"

तोबिया मात्र तुंबा सोडीना. हळूच म्हणाला, "स्वामी, तुमच्यासाठी आणलं होतं, माझ्या पायांवर नका घालवू. एवढ्यात माझ्या एका शेळीचे दोन दिवस निघतील. परवा कापणारच आहेत. तोवर तहानेली तर नको राहायला."

महाराजांचे डोळे भरून आले. "प्रभूच्या नावाने दे," ते म्हणाले. तोबियाने दिला. महाराज दुखऱ्या गुडघ्यांवर बसले आणि ओतू लागले.

तुंबा तो केवढासा! पण उजवा पाय स्वच्छ झाला, डावा झाला, घंगाळ काठोकाठ भरलं, तरी धार तुटेना.  महाराजांचे ओठ तेवढे हलत होते. घंगाळ उतू गेलं. शेळ्यांच्या वाटेची ती माती घेऊन पाणी बाकांखालून वाहिलं आणि अकरा जणांचे घासूनपुसून आणलेले पाय घोट्यापर्यंत मळवून दाराबाहेर पडलं. पायऱ्या उतरून ते टाक्यात शिरलं. बाहेर बायका ओरडल्या, "टाकं भरतंय! टाकं भरतंय!" कोणीतरी घंटेचा दोर ओढला आणि सारा डोंगर दणाणला.

मुखिया आपल्या चिखलाने भरलेल्या पायांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "स्वामी, आता माझेही मळले."

"मग बसा," महाराज हसून म्हणाले, "आता तुमचेही धुतो."

पण सिल्वेरिओ बसला नाही. सगळ्या गावासमोर तो वाकला आणि त्याने तोबियाच्या ओल्या पायांवर डोकं टेकलं. तोबिया ओशाळून पाय मागे घेऊ लागला, पण मुखियाने ते सोडले नाहीत. संध्याकाळी टाक्यावर शेळ्यांना पाणी पाजायला तोच पुढे होता. कोणतीही शेळी कापली गेली नाही.

परमगुरुस्वामी बासिल महाराज त्याच वर्षी नोव्हेंबरात, सर्व संतांच्या सणानंतरच्या रविवारी, देवळातली सकाळची मिस्सा-प्रार्थना झाल्यावर वारले. आमची रेजिना तेव्हा नुकती रांगू लागली होती.