पट्टा कुणाच्या छातीला

एकदा एक म्हातारा होता. त्याला सगळे ज्ञानी म्हणत, आणि म्हणणाऱ्यांत तो स्वतःही होता. घाटाच्या पायथ्याशी तो तरुणांना सायकलची शर्यत शिकवी. त्याला मास्तर म्हणत. तारुण्यात त्याने जड लोखंडी सायकलवर हा अकरा वळणांचा घाट कितीतरी वेळा मारला होता. ही हकीकत त्याच्या शिष्यांना तोंडपाठ होती, कारण ती ऐकल्याशिवाय कुणाला पाणी पिऊ देत नसत.

त्याची शिकवण्याची रीत ठरलेली होती. शिष्य सायकलवर, मास्तर शेजारून मोपेडवर. ओठांत शिट्टी. एक शिट्टी म्हणजे बसून चढा, दोन शिट्ट्या म्हणजे सीटवरून उठा आणि जोर लावा. दोन शिट्ट्या नेहमी तिसऱ्या वळणाला वाजत. का, हे कुणी विचारलं नव्हतं. जो टिकला तो मास्तरांचा पठ्ठ्या. जो कोसळला त्याच्याबद्दल मास्तर एकच वाक्य बोलत: "छातीत दम नाही." हे वाक्य एकदा चिकटलं की गावभर चिकटे. त्यावर अपील नव्हतं.

या म्हाताऱ्याचा एक शिष्य होता, बावीस वर्षांचा. त्याने कॉलेज दुसऱ्या वर्षालाच सोडलं होतं. घरी सांगून टाकलं होतं, की यंदा शर्यतीच्या संघात निवड झाली तर सायकल, नाही तर चुलत्याच्या पिठाच्या गिरणीत बसतो. तेविसावं संपलं की तरुणांच्या वयोगटातून नाव कटणार होतं, त्यामुळे हीच शेवटची संधी. निवड चाचणी याच घाटात, पाच आठवड्यांवर आली होती. संघात तिघेच घेणार होते.

आणि हा शिष्य दोन वर्षं रोज सातव्या वळणाला कोसळत होता. तिसऱ्याला शिट्टी, चौथ्याला डोळ्यांपुढे काजवे, सातव्याला कठड्याला धरून उलटी.

"दम नाही तुझ्यात लेका," मास्तर म्हणत. "आई-बापानं कशावर पोसलं तुला?"

शिष्याला गिरणीत बसण्याचं दुःख नव्हतं. गिरणीत माणसं बसतातच. पण आपल्यात दम नाही हे खरं आहे, की नुसतं एका म्हाताऱ्याचं म्हणणं आहे, हे कळल्याशिवाय त्याला बसायचं नव्हतं. म्हणून तो सायकलच्या दुकानात गेला.

दुकानदार शेठ स्वतः हौशी सायकलस्वार होता. त्याच्या सायकलवर इतकी उपकरणं होती, की बसायला जागा शिल्लक आहे हेच नवल.

"ये पैलवान," शेठ म्हणाला. "बघ, चाकाच्या आसाला हा सेन्सर लाव, वेग सांगतो. पायडलच्या दांडीला हा, मिनिटाला पाय किती फिरतात ते सांगतो. आणि हे पायडलच बसवलंस तर पाय किती ताकद लावतात तेही आकड्यात. छातीला हा पट्टा, ठोके मोजतो. आणि सगळं दिसायला हँडलवर हे यंत्र. पूर्ण सेटच घेऊन टाक की."

शिष्याने खिशातून एक जुनं यंत्र काढलं. एका जुन्या सायकलस्वाराने वापरून दिलेलं, काच तडकलेली. शेठने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"ह्याची पत्रिका जुळवावी लागेल बाबा. नव्यातले बरेच सेन्सर नुसते मोबाईलशी बोलतात, ह्याच्यापुढे मुके. ह्याला जुनीच बोली कळते. दोन्ही बोली बोलणारे घ्यायला हवेत. त्यापेक्षा नवीन यंत्रच..."

"शेठ, एक विचारतो. मी सातव्या वळणाला कोसळतो. कोसळायच्या आधी यातलं कुठलं मला सांगेल?"

 हा प्रश्न शेठला आजवर कुणी केला नव्हता. लोक विचारत, शहरातले सायकलवाले कुठलं वापरतात.

"वेग सांगणार नाही," तो म्हणाला. "तो कोसळल्यावर सांगतो. पाय फिरण्याचंही तसंच. ताकदीचं पायडल सांगेल, पण त्याचं तुझ्या खिशाशी जुळत नाही."

"मनगटावरचं ठोके मोजणारं घड्याळ?"

"घाटात हँडल आवळलंस, घाम आला, की ते थापा मारतं. पट्टा घे. हा कोसळायच्या आधी सांगेल, आणि दोन्ही बोली बोलतो. बाकी सगळं राहू दे."

आपल्याकडच्या दृष्टांतांत व्यापारी नेहमी लोभी असतो. हाही होता. पण नीट विचारलेल्या प्रश्नाला त्याने नीट उत्तर दिलं. ज्याला ज्ञानी म्हणत, त्याने दोन वर्षांत तेवढंही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शिष्य पट्टा बांधून आला. मास्तरांना बनियनखालचा उंचवटा दिसला.

"हे काय? बैलाला घुंगरू?"

"ठोके मोजतो, मास्तर."

"आमच्या वेळी छाती आतून बोलायची. आता तिला दुभाष्या लागतो. चढ!"

बाकीचे शिष्य हसले. मास्तरांच्या विनोदाला हसणं हाही सरावाचाच भाग होता. शिष्य चढला आणि सातव्याला कोसळला. पण त्याने तक्रार केली नाही. दोन आठवडे तो रोज यंत्रातली नोंद वहीत उतरवत राहिला. मग एक दिवस सराव संपल्यावर, बाकीचे गेल्यावर, त्याने ती वही मास्तरांपुढे धरली.

"दुसऱ्या वळणापर्यंत माझे ठोके एकशे सत्तर. तिसऱ्याला तुम्ही दोन शिट्ट्या मारता. तिथे एकशे नव्वद. तिथून ते खाली येतच नाहीत. बारा दिवस, बारा वेळा. हे बघा."

"आकडे रडके असतात."

"मग तुम्ही सांगा. तिसऱ्यालाच का?"

"कारण मी तिसऱ्याला उठायचो," मास्तर म्हणाले. "आणि माथ्यापर्यंत बसायचो नाही."

"तुम्ही."

"हां. मी."

शिष्य गप्प राहिला. अशा वेळी गप्प राहण्यासारखा दुसरा उद्धटपणा नाही. मास्तरांनी वही घेतली, डोळ्यांपासून लांब धरून बराच वेळ पाहिली, आणि परत न देता बंडीच्या खिशात घातली. मग हात पुढे केला.

"तो पट्टा दे. उद्या लवकर ये. एकटा."

सकाळी मास्तर मोपेडजवळ उभे होते. शर्ट वर केलेला, पट्टा हातात, कसा बांधायचा हे कळत नव्हतं. शिष्याने तो पाण्याने ओला केला, कारण कोरड्या पट्ट्याला ठोके कळत नाहीत, आणि मास्तरांच्या छातीला बांधला. गार लागल्यावर मास्तर शहारले. छाती आत गेलेली होती. दोन वर्षांत ती शिष्याने पहिल्यांदाच पाहिली.

"यंत्र तुझ्या हँडलवरच राहू दे," मास्तर म्हणाले. "आज शिट्टी नाही. मी अगदी तुझ्या बाजूने येतो. आकडा दीडशेच्या खाली असेल तोवर जोर लावायचा. दीडशे झाला की बसायचं."

"पण मास्तर, पट्टा तर तुमच्या..."

"दोन वर्षं सांगितलेलं ऐकलंस ना? आज पण ऐक."

हे काय चाललंय ते शिष्याला कळेना. म्हातारा सूड घेतोय की खुळावलाय, एवढंच त्याला पाहायचं होतं. तो निघाला.

पहिल्या वळणाला यंत्रावर अठ्ठ्याहत्तर. दीडशेच्या कितीतरी खाली, म्हणून त्याने जोर लावला. दुसऱ्या वळणाला ऐंशी. त्याने आणखी जोर लावला. मांड्या पेटल्या, तोंड उघडं पडलं, लाळ हनुवटीवर आली. यंत्र म्हणत होतं, एकोणऐंशी, अजून बराच दम आहे. मास्तर बाजूला मोपेडवर, एका हाताने, आरामात. तिसऱ्या वळणाला शिष्याने रागाने उभं राहून पायडल मारलं. आकडा ऐंशीच. चौथ्या वळणाच्या आतच सायकल आडवी झाली आणि तो कडेच्या खडीवर पाठीवर पडला.

यंत्र त्याच्या तोंडाशी होतं. त्यावरचा आकडा आता हलू लागला होता. पंच्याऐंशी. अठ्ठ्याण्णव. एकशे एकवीस. मोपेड तशीच आडवी टाकून मास्तर गुडघ्यांवर त्याच्यापाशी बसले होते आणि "डोकं लागलं का? बोल, डोकं लागलं का?" म्हणत होते. एकशे चौतीस.

"नाही लागलं," शिष्य म्हणाला. श्वास जमल्यावर त्याने विचारलं, "हे काय होतं मास्तर?"

मास्तर खडीवरच बसले. शर्टाच्या आतून पट्टा सोडवायला त्यांना वेळ लागला.

"मी शिकवतो ते असं दिसतं," ते म्हणाले. "वही रात्रभर बघितली. पटत नव्हतं, म्हणून करून बघितलं. गड्या, घाट तू चढतोस आणि ठोके माझे धरतोस. मी कधी उठायचो, मला कधी पेलायचं, त्यावर तुला उठवलं. माझी छाती ऐंशीवर निवांत, आणि तुला म्हणतो, जोर लाव. तू पडलास की म्हणतो, दम नाही. दम कुणाचा मोजला होता मी? तुझा तर कधीच मोजला नाही. अंकुशला दम नाही म्हटलं. बाळूला म्हटलं. दौलतला भर मैदानात म्हटलं, त्याच्या बापासमोर. दौलतनं सायकल विकली. आता मला माहीत नाही, त्या पोरांत दम होता की नव्हता. आता ते कळायला मार्ग नाही."

एवढं बोलून त्यांनी पट्टा शिष्याच्या हातात दिला.

इथे बहुतेक कथांत शिष्य गुरूच्या पाया पडतो. हा पडला नाही. त्याचे पाय अजून थरथरत होते, आणि खरं सांगायचं तर मनातही आलं नाही. वडीलधारी माणसं चुकतात याचा राग नसतो. पट्टा स्वतःच्या छातीला बांधून ती आपल्याला घाट चढवतात, आणि आपण पडलो की आपल्याच छातीत दोष काढतात, याचा असतो. या म्हाताऱ्याचं मोठेपण एवढंच, की त्याने ते स्वतः करून पाहिलं आणि तोंडाने बोलून दाखवलं. बाकीचे तेवढंही करत नाहीत.

तीन आठवडे उरले होते. शिष्य आता स्वतःच्या ठोक्यांवर चढू लागला. एकशे बहात्तरच्या वर जायचं नाही, मग तिसऱ्या वळणाला सगळे पुढे गेले तरी चालेल. पहिले काही दिवस पाय ऐकेनात. दोन शिट्ट्यांची सवय हाडात मुरली होती, वळण आलं की अंग आपोआप उठे. मास्तर मोपेडवर असत, पण काही बोलत नसत. गप्प राहणं त्यांना जड जाई, ते चेहऱ्यावर दिसे. एकदा न राहवून म्हणाले, "किती आहे आत्ता?" असा प्रश्न त्यांनी आयुष्यात कुणाला केला नव्हता.

चाचणीच्या दिवशी तिसऱ्या वळणाला सगळा घोळका शिष्याला सोडून पुढे गेला. कठड्यावर बसलेल्या कुणीतरी ओरडून विचारलं, "भाऊ, सहलीला आलास काय?" तो बसूनच राहिला. सातव्या वळणाला तो कोसळला नाही. आठव्याला त्याने दोघांना मागे टाकलं, नवव्याला आणखी तिघांना. दहाव्यानंतर पुढे तिघेच दिसत होते. तिघांमधल्या शेवटच्याची पाठ जवळ येत होती. पण तो हाती लागायच्या आत माथा आला.

तो चौथा आला. निवड तिघांची होती.

मास्तर माथ्यावर उभे होते. शिष्य सायकलवरून उतरला, पाणी प्यायला. दोघेही खाली वळणांकडे बघत राहिले.

"किती होता?"

"एकशे बहात्तर. शेवटी एकशे ऐंशी."

"उलटी?"

"नाही."

"म्हणजे दम होता."

"होता."

मास्तरांनी मान हलवली. मग म्हणाले, "तीन आठवड्यांऐवजी दोन वर्षं मिळाली असती तर तिघांत असतास."

"हो."

"माझ्यामुळे गेलं ते."

"हो," शिष्य म्हणाला. त्याने हे रागाने म्हटलं नाही, आणि समजूत घालण्यासाठी ते खोडलंही नाही. तो आत्ताच अकरा वळणांचा घाट न कोसळता चढून आला होता. खोटं बोलण्याची त्याला आता गरज उरली नव्हती.

मास्तर मोपेडकडे वळले. मग म्हणाले, "दौलत कुठं असतो रे आता?"

"टेंपो चालवतो. भाजी मार्केटच्या मागे उभा असतो."

"येतोस?"

दुपारी दोघे तिथे पोचले तेव्हा दौलत टेंपोत कोबीची पोती रचत होता. तिशीचा, पोट सुटलेला. मास्तरांना पाहून त्याने पोतं खाली ठेवलं, पण नमस्कार केला नाही. मास्तरांनी जे सांगायचं ते उभ्या उभ्या सांगितलं, पट्ट्यासकट, खडीवर पडण्यासकट. "तुझ्यात दम नाही म्हटलं होतं, ते माहीत नसताना म्हटलं होतं," असं म्हणून ते थांबले.

 दौलत शिष्याकडे वळला.

"तिसऱ्या वळणाला किती व्हायचे तुझे? शिट्टीनंतर?"

"एकशे नव्वद."

दौलतने गमछ्याने मान पुसली. 

"माझेपण तेवढेच असणार," तो म्हणाला.

मास्तर उन्हात उभेच होते. मग दौलतने टेंपोची मागची फळी पाडली, हाताने धूळ झाडली, आणि मास्तरांना बसायला जागा करून बाजूला सरकला.