घशाचे पाणी, मालाचे पाणी

मंडळी, एक विचारतो. ओसाड रानात तुमचा घसा कोरडा पडला आहे. एकाजवळ पाणी आहे, पण तो दाम मागतो. दुसरा म्हणतो, 'थांबा, त्याचे पाणी घेऊन मी सगळ्यांना सारखे वाटतो.' विश्वास कोणावर ठेवाल? उत्तराची घाई नको. आधी कथा ऐका.

पूर्वी प्रतिष्ठान नगरावर सिंहसेन राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्व सार्थवाहांच्या कुळात जन्मला होता. सार्थवाह म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्याचा मुख्य. वाट त्याने दाखवायची, मुक्काम त्याने ठरवायचे आणि वाटेत तंटा झाला तर निवाडाही त्यानेच करायचा. हा तांडा दरसाल मरुभूमी ओलांडून सौवीर देशाला जाई.

निघताना एक रीत असे. प्रत्येक व्यापारी सार्थवाहाच्या गाडीच्या जुवावर हात ठेवून म्हणे, 'तू नेशील तिकडे येईन.' त्यावर सार्थवाह म्हणे, 'ज्याच्या गाडीत जे आहे ते त्याचे. त्याला मी हात लावणार नाही.' त्या साली सोमिल नावाच्या व्यापाऱ्याने हे वाक्य बोधिसत्त्वाकडून दोनदा वदवून घेतले, तेव्हाच जुवावरचा हात काढला.

त्याला कारणही तसेच होते. आदल्या सालापर्यंत तांडा बोधिसत्त्वाचा बाप नेत असे. भला माणूस. गेल्या खेपेस वाटेत पाणी संपले, तेव्हा त्याने सोमिलच्या पखाली उतरवून घेतल्या आणि सगळ्यांना सारखे पाणी वाटले. सगळे वाचले. म्हाताऱ्याची वाहवा झाली. सोमिलला मात्र कोणी सुपारीचे खांडही दिले नाही. उलट पाणी देताना तोंड वाकडे केले म्हणून त्यालाच नावे ठेवली.

पण माणूस फार लवकर शिकतो, आणि नको तेच आधी शिकतो. यंदा बोधिसत्त्वाने पाणी घ्या म्हणून बजावले, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मधल्या विहिरीपर्यंत पुरेल एवढेच पाणी घेऊन वर माल रचला. 'कशाला वाहायचे? वेळ आली की मिळतेच.' वसुदत्त नावाच्या व्यापाऱ्याने तर बारा गाड्या तांब्याच्या हंड्यांनी भरल्या. हंडे एवढे, आणि पाणी एकातही नाही! एका आळीत असेच झाले होते म्हणतात. एकाच घरी शिडी होती. जो तो न विचारता ती घेऊन जाई, म्हणून दुसऱ्या कोणी शिडी केलीच नाही. शेवटी कंटाळून त्या घरधन्याने ती विकली. मग एके दिवशी आळीला आग लागली आणि माड्यांवरची माणसे वरच राहिली.

सोमिलने मात्र वचन मिळताच चार गाड्या भरून पखाली घेतल्या.

मधली विहीर आली तेव्हा ती वाळूने बुजलेली होती. गाडीवानांनी दुपारपर्यंत उपसा केला. खाली वाळूच निघाली, तीही कोरडी. पुढचे पाणी तीन दिवसांच्या वाटेवर. बोधिसत्त्वाने आपल्या गाड्यांतले होते नव्हते ते पाणी लेकरांना पाजले आणि त्याचेही मडके उपडे झाले.

सोमिलने पखालींभोवती काठ्या देऊन गडी उभे केले आणि स्वतः ओगराळे घेऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओगराळ्याला चांदीचे एक नाणे, असा भाव होता. ऊन चढले तसा तोही चढला. पाच झाला.

वसुदत्त ओरडतच आला. "अरे सोमिल्या, लाज आहे का काही? माणसं मरताहेत!"

"मरू नयेत म्हणूनच विकतोय. नाहीतर तू आपले हंडे पी."

"ऐकलंस, सार्थवाहा? तुझ्या बापानं काय केलं असतं? उतरव पखाली आणि सारखं वाट. न्याय तो न्याय!"

"तुला न्याय दरसाल माझ्याच गाडीत कसा रे सापडतो?" सोमिल म्हणाला.

लोक हसले नाहीत. काहीजण गाड्यांचे दांडे उपसू लागले होते.

इतक्यात रोहक नावाचा म्हातारा गाडीवान पुढे झाला. त्याची सून अंगावर पाजणारी, आणि सकाळपासून तिला उठून बसवत नव्हते.

"श्रेष्ठी, नाणं नाही. हात आहेत."

"मडक्याला दोन वर्षं," सोमिल म्हणाला. "माझ्या घरी राहायचं, सांगेन ते काम करायचं."

रोहकने सुनेकडे पाहिले. शपथ घ्यायला तो सोमिलच्या गाडीकडे वळला आणि त्याने जुवावर ठेवण्यासाठी हात उचलला.

"थांब, रोहकबाबा," बोधिसत्त्व म्हणाला.

थांब म्हणणे सोपे. पुढे काय बोलायचे ते त्याला ठाऊक नव्हते. वचन मोडून पखाली उतरवल्या तर आज सगळे वाचतील. पण पुढच्या साली या वाळवंटात कोणी एक पखालही जास्त आणणार नाही, आणि विहीर काही सांगून बुजत नाही. वचन पाळले तर घरून मोकळी निघालेली माणसे सौवीरात दास होऊन पोचतील, आणि ज्यांना विकायला हातही उरले नाहीत ती पोचणारच नाहीत. लोक सांगतात, पुरात एकजण काठावर दोर विकत होता. बुडणाऱ्याशी त्याने घासाघीस केली. सौदा पटला, पण तोवर गिऱ्हाईक वाहून गेले होते.

बापाचे काय चुकले, याचा बोधिसत्त्व विचार करू लागला. पाणी वाटले, ते चुकले नाही. ज्याचे घेतले त्याला मोकळ्या हाताने घरी पाठवले, ते चुकले. आणि वाटताना तहान कोणाची आणि लोभ कोणाचा, हे पाहिलेच नाही. मग बोधिसत्त्वाने सोमिलच्या पखाली मोजायला लावल्या. माणसांना पुरून थोडे वर उरेल इतके पाणी होते.

"सोमिल," तो म्हणाला, "तुला दिलेलं वचन मी आज मोडतो."

वसुदत्ताने टाळी वाजवली.

"मोडणाऱ्यानं दंड भरला पाहिजे. माझ्या चार गाड्यांत कापड आहे, माझं सगळं भांडवल तेवढंच. आत्तापासून ते तुझं. त्याच्या बदल्यात पुढच्या विहिरीपर्यंत प्रत्येक घशाला पाणी तू द्यायचं. कोणाकडून नाणं घ्यायचं नाही, वर्षं घ्यायची नाहीत. पखाली रिकाम्या होतील तसं कापड तुझ्या गाड्यांत चढेल. तोवर माझ्या गाड्यांत राहील. पण माल तुझा, तेव्हा तो ओढणाऱ्या बैलांचं पाणीही तुझं."

सोमिल चपापला. मग त्याने मनाशी आकडे मांडले. "सौवीरात या कापडाचे पाण्याच्या दुप्पट येतील. मी तुला फसवतोय असं म्हणशील पुढे."

"येऊ देत. पुढच्या सालीही पाणी आणावंसं तुला वाटलं पाहिजे."

"आणि माझे बैल?" वसुदत्त पुढे सरसावला. "चोवीस आहेत. सारखं वाटायचं तर त्यांनाही आलंच ना?"

"ते कोणासाठी ओढतात?"

"म्हणजे? माझ्यासाठी."

"तुझ्या हंड्यांसाठी. मानेवर जू आहे त्या बैलाचं पाणी हे मालाचं पाणी. ते तू विकत घे, सोमिल सांगेल त्या भावानं. त्यात मी पडणार नाही. परवडत नसेल तर हंडे उतरव आणि जू काढ. जू निघालं की तोही एक तहानेला जीव. त्याचं पाणी माझ्या कापडात धर."

"हा कसला सारखा वाटा!"

"घशांना सारखा, वसुदत्ता. हंड्यांना घसा नसतो."

यावर मात्र लोक हसले. दांडे परत गाड्यांना लागले. पहिले ओगराळे रोहकच्या सुनेला मिळाले. म्हातारा बराच वेळ आपल्या हाताकडे पाहत उभा होता.

सोमिलने बैलामागे दहा नाणी सांगितली. वसुदत्ताने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि आठ गाड्यांचे हंडे वाळूत उतरवले. इतरांनीही जड माल टाकला, जुवे काढली. दिवस कलला तेव्हा सोमिलच्या लक्षात आले, की माणसांचे आणि मोकळ्या बैलांचे बाजूला काढूनही पाणी उरते आहे आणि गिऱ्हाईक नाही. तो स्वतःच उठून आला.

"वसुदत्ता, चार?"

"दोन."

"अरे, दहाला विकत होतो मी!"

"विकत होतास. आता घेतंय कोण?"

तिनावर सौदा पटला आणि दोन गाड्या हंडे पुन्हा वर चढले.

तांडा पोचला. एकही माणूस मेला नाही, एकही दास झाला नाही. सोमिलने कापडाचा तागा न् तागा मोजून घेतला. बोधिसत्त्व परतीला दुसऱ्यांचा माल भाड्याने वाहून घरी आला आणि आणखी काही वर्षे भाड्यानेच वाहत राहिला. पण पाण्याचे मोल मिळते ही बातमी पेठेत पसरली होती. पुढच्या साली पखाली इतक्या झाल्या, की बैलाच्या पाण्यालाही कोणी भाव देईना.

"सार्थवाहा, माझा धंदा बुडवलास की रे तू!" सोमिल म्हणाला. म्हणता म्हणता तो एका वाटसरूच्या ओंजळीत पाणी ओतत होता, फुकट.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका विहारात सांगितली. दोन उपासक तिथे हातघाईवर आले होते. धनाढ्य उग्गत म्हणत होता, राजाने बाजारात पाऊलच टाकू नये. ज्याचे त्याचे नशीब. आणि व्यापारात दिवाळे निघालेला कालक म्हणत होता, राजाने श्रीमंतांचे काढून सगळ्यांना सारखे वाटावे. कथा सांगून झाल्यावर शास्ते म्हणाले, "त्या वेळचा वसुदत्त, 'सारखं वाटा' म्हणून ओरडणारा, तो हा उग्गत. पाच नाण्यांना ओगराळे विकणारा सोमिल, तो हा कालक. जन्म पालटला, गाड्यांतला माल पालटला आणि दोघांचे मतही पालटले. रोहक आज या विहाराचा वृद्ध द्वारपाल आहे. आणि तो सार्थवाह मीच होतो." उग्गताने कालकाकडे पाहिले, कालकाने जमिनीकडे. शास्त्यांनी त्या दिवशी प्रज्ञेने वाट दाखवलेल्या करुणेचे गुण वर्णन केले.

तर मंडळी, मत कोणतेही बाळगा. गाडीत काय भरले आहे त्याप्रमाणे ते बदलेलही. एवढे मात्र करा. कमाईपैकी किती आपल्या कष्टाचे आणि किती दुसऱ्याच्या नडीचे, हे रोजच्या रोज वेगळे लिहा. दुसऱ्या रकान्यातले पहिल्यात ढकलू नका. हिशेब चोख ठेवा.