धनेशाच्या पंखांचा आवाज

कोकणातल्या एका देवराईत, जुन्या बेहेड्याच्या झाडावर, धनेश पक्ष्याचं एक जोडपं राहत असे. मुलांनो, धनेशांच्या घरची रीत मोठी विलक्षण. अंडं घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि चिखल लिंपून दार आतून बुजवून टाकते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसंही झडतात, म्हणजे उडायची सोयच नाही. मग कितीतरी आठवडे तिचं नि पिल्लाचं पोट एकट्या नराच्या चोचीवर! केवढा हा भरवसा!

आपला धनेशही भरवशाचाच होता, हं. उजाडलं की निघायचा, गळ्यात वीस-वीस उंबरं भरून आणायचा आणि फटीतून एकेक आत द्यायचा. त्याच्या पंखांचा आवाज मोठा, घूंऽ घूंऽ असा. तो दुरून ऐकू आला की आतलं इवलंसं पिल्लू चोच उघडून तयार! त्याचं 'चीं चीं' कानावर पडलं की धनेशाचा शीण कुठच्या कुठे पळायचा. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक जागा असते बघा. काही चांगलं घडलं की ती आतून म्हणते, "शाब्बास! पुन्हा कर." धनेशाला ती शाब्बासकी दर खेपेला मिळत होती.

एका दुपारी वैशाखाच्या उन्हानं त्याचा घसा पार सुकला. वाटेतल्या एका माडावर माडीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या रसाचं, मडकं बांधलेलं होतं आणि त्याच्या काठावर एक कावळा बसला होता. कावळा म्हणाला, "ये रे दादा, एक चोच घे. एवढ्यानं काय होतंय?" धनेशानं चोच बुडवली. आणि डोक्यातली ती जागा "शाब्बास! शाब्बास!" अशी काही ओरडली, की त्याला उडता उडता हसू फुटलं. काही न करता एवढी शाब्बासकी! दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम त्याच वाटेनं आला.

इथंच घात झाला. त्या आरडाओरड्याची सवय झाल्यावर उंबराची आणि पिल्लाच्या हाकेची साधी शाब्बासकी त्याला ऐकूच येईना. उंबर बेचव लागू लागलं. एका चोचीच्या चार झाल्या, चाराच्या दहा, पण पहिल्या दिवसाची मजा काही परत आली नाही. मडकं नुसतं दिसलं तरी छाती धडधडायची, आणि नाही मिळालं तर पाय लटपटायचे. एकदा तो कावळ्याला म्हणाला, "आता ही माडी गोडसुद्धा लागत नाही रे." कावळा मान खाली घालून म्हणाला, "मला तरी कुठे लागते? पण आल्याशिवाय राहवत नाही."

घरच्या खेपा सहाच्या तीन झाल्या, मग एक. मादीनं फटीतून विचारलं, "अहो, आज दोनच उंबरं? पिल्लू रडतंय हो." धनेश म्हणाला, "झाडंच रिकामी झाली, मी तरी काय करू?" खोटं होतं ते, देवराईत उंबरांचा सडा पडला होता. मादी म्हणाली, "मग पलीकडच्या धनेशाला हाक मारू का? तो आणील चार फळं." धनेशाला शरमेनं राग आला. "काही गरज नाही! मी आहे ना!" तो म्हणाला आणि उडाला, तो थेट माडावर. अरे, तेवढी एक हाक मारू दिली असतीस तर!

त्यानंतर दोन दिवस तो घरी फिरकलाच नाही. तिसऱ्या दिवशी माडी काढणाऱ्यानं मडक्यांची तोंडं झावळ्यांनी घट्ट बांधून टाकली. धनेश दिवसभर थरथरत बसला. उन्हं कलली तेव्हा त्याला एकदम घर आठवलं. त्यानं गळा फुटेस्तोवर उंबरं भरली आणि जिवाच्या आकांतानं बेहेड्याकडे आला. फटीतून एक उंबर आत धरलं. कुणी घेतलं नाही. "अगं, पंचवीस आणलीत! हे बघ!" फटीत मादीची चोच दिसली. ती म्हणाली, "पिल्लू सकाळीच गेलं."

धनेशाच्या चोचीतलं उंबर खाली पडलं. मादी रागावली नाही, हेच त्याला सोसवेना. ती हळूच म्हणाली, "शेवटपर्यंत तुमच्या पंखांचा आवाज आला की ते चोच उघडायचं. तुम्ही वरून माडाकडे जायचात."

पिसं फुटल्यावर मादी दार फोडून बाहेर आली आणि एकटीच निघून गेली. धनेश अजून त्या देवराईत आहे. माडी सोडून त्याला पुष्कळ दिवस झाले, उंबरही आता थोडंथोडं गोड लागतं. पण दुरून मडकं दिसलं की आजही त्याची छाती धडधडते. मग तो लांबचा वळसा घालून जातो, पंख अगदी हळू हलवत.

तात्पर्य : जी गोडी बाकी सगळं बेचव करून टाकते, तिला पहिल्याच घोटाला नाही म्हणावं, आणि पाऊल घसरलंच, तर घरच्यांच्या तोंडचा घास जाण्याआधी लाज सोडून कुणाला तरी हाक मारावी.