कणगीमागचं बीळ

माणसांनी मांजरं पाळायला नुकतीच सुरुवात केली होती, तेव्हाची ही गोष्ट. गोजराबाईंची मांजर सोनकी शेतातून जिवंत उंदीर धरून आणी आणि घरात सोडून त्याच्याशी खेळे. "अगं बाई, आणलास पुन्हा!" असं म्हणत गोजराबाई पाय वर घेत. पण त्याच घरात, धान्याच्या कणगीमागे उंदरांचं एक बिऱ्हाड आहे, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

एकदा सोनकीच्या तावडीतून शेतातला एक उंदीर निसटला आणि थेट त्या बिळात शिरला. त्याची पाठ रक्तानं भिजली होती.

"थोडा वेळ राहू द्या," तो धापा टाकत म्हणाला. "ती कंटाळून गेली की मी निघतो."

बाहेर सोनकी त्याला चुलीमागे, घोंगडीखाली शोधत होती. तिच्या नखांची खरखर ऐकून पिल्लं आईला बिलगली.

"याच्या एकट्यापायी सगळे मरू," थोरला उंदीर म्हणाला. "ढकला याला बाहेर!"

"भावजी, तिनं याला इकडे येताना पाहिलेलं नाही," पिल्लांची आई कुजबुजली. "गप्प बसू या."

पण भीतीनं सगळ्यांचे कान बंद झाले होते. तो उंदीर बिळाच्या काठाला नखांनी धरून "नको, नको" म्हणत राहिला. शेवटी सगळ्यांनी मिळून त्याला बाहेर लोटलं.

सोनकीनं एकाच झेपेत त्याला पकडलं. मग सगळं शांत झालं.

"आई, गेली का गं ती?" एका पिल्लानं विचारलं.

तेवढ्यात बिळात अंधार झाला. मेलेला उंदीर तसाच टाकून सोनकी बिळाच्या तोंडाशी डोळा लावून बसली होती.