पान तीनवरचा लेख

“…मग अजून काय घालू, बापू?”

विचारणारे होते प्राध्यापक अनिरुद्ध लोणकर. आत थर्मल, त्यावर शर्ट, त्यावर लोकरीचा स्वेटर, त्यावर फुगीर जाकीट. माकडटोपी, टोपीवर हेल्मेट, हातमोजे दुहेरी, पायमोजेही दुहेरी. एवढ्या ऐवजातून दोन डोळे आणि एक लालबुंद नाक तेवढे बाहेर दिसत होते. नाक वाहत होते.

दगूबापू गांगुर्डे बसस्टँडच्या ओट्यावर बसून पेपरांत पुरवण्या घालत होते. पस्तीस वर्षे ते सायकलवरून पेपर टाकत आले होते. अंगात सुती सदरा आणि बिनबाह्यांचा स्वेटर, कानांना मफलर. त्यांनी मान वर केली नाही.

“आजची शनिवारची पुरवणी पाहिलीत? पान तीन. ‘थंडीतली सायकल : काय घालावे, काय बाळगावे.’ माझा लेख आहे. फोटोसकट!”

“पाहिला.”

“कसा वाटला?”

बापूंनी एक पुरवणी पेपरात सारली. मग दुसरी सारली.

“नाक पुसा, सर.”

सरांनी नाक पुसले. मग शेजारी ओट्यावर बसले आणि त्यांचा नूरच उतरला. लेखात सगळे होते, कोणते मोजे घ्यावेत इथपासून हेल्मेटखाली काय घालावे इथपर्यंत. लेखक दिवाळीपासून तीनदा अंथरुणाला खिळला होता, एवढेच त्यात नव्हते.

“काल प्राचार्यांनी सांगितलं,” सर हळूच म्हणाले. “आजही वर्गात आवाज बसला तर सोमवारपासून सायकल बंद. बसने यायचं. आणि मी तर सगळ्या स्टाफरूमला सांगून बसलोय, हिवाळाभर सायकलनेच येणार म्हणून. आजच लेख छापून आला, बापू… आजच. लोक हसतील हो.”

त्यांना खरेच रडू येत होते. एरवी फार ऐटीत असणारा माणूस, त्यामुळे ते बघवत नव्हते.

बापूंनी पुरवण्या बाजूला ठेवल्या.

“कॉलेजात पोचता तेव्हा आतला कपडा कसा असतो?”

“ओलाचिंब! घाम येतो ना. एवढी ऊब असते.”

“मग?”

“मग वर्गात उभा राहिलो की हुडहुडी भरते.”

“मग दुसऱ्या दिवशी काय करता?”

“आणखी एक कपडा चढवतो.”

बापूंनी पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिले.

“उभे राहा. थंडी वाजती का आता?”

“अजिबात नाही!” सर छाती फुगवून म्हणाले. जाकीट आधीच फुगलेले असल्याने फरक कळला नाही.

“मग जाकीट काढा.”

“इथे?”

“मग काय कॉलेजात?”

जाकीट निघाले. बापूंनी त्याची वळकटी करून सरांच्या कॅरिअरला बांधली.

“आता?”

“नाही वाजत.”

“स्वेटर काढा.”

“बापू, पारा सहावर आहे. मी भूगोल शिकवतो.”

“वर्गात शिकवा. इथं स्वेटर काढा.”

स्वेटरही निघाला. द्राक्षबागांत वेलींना ऊब मिळावी म्हणून शेकोट्या पेटल्या होत्या. तिकडून धुराचा वास घेऊन वारा आला आणि सरांच्या शर्टातून आरपार गेला.

“हातमोजे?”

“राहू द्या. हातांना कुठं पायडल मारायचंय? …आता?”

“वा… वाजतेय!” सरांचे दात एकमेकांवर आपटत होते. “चांगलीच वाजतेय!”

“झालं तर. निघा.”

बापूंना खिंडीपलीकडच्या गावात पेपर टाकायचे होते, म्हणून दोघे बरोबरच निघाले. पहिला किलोमीटरभर सर मनातल्या मनात बापूंना शिव्या घालत होते. दुसऱ्या किलोमीटरला शिव्या आठवेनात. खिंडीचा चढ लागला तेव्हा कानशिले गरम झाली. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी सायकल थांबवली आणि पाठीमागून शर्टात हात घातला.

“बापू… कोरडा आहे!”

एखाद्या नदीचा उगम सापडावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. बापू मफलर सैल करत उभे होते.

“पण आता दोन किलोमीटर उतार,” सरांना एकदम आठवले. “वारा थेट छातीवर. जाकीट घालू?”

“उतार संपला की लगेच चढ हाय. तिथं काढायला थांबाल? नाही थांबणार. घामेघूम होऊन पोचाल.”

“मग?”

बापूंनी आपल्या पिशवीतून एक पुरवणी काढली. पान तीन वर येईल अशी दुमडली, आणखी एकदा दुमडली. सरांच्या शर्टाची वरची दोन बटणे सोडली आणि ती घडी थर्मलवरून छातीवर सारली. बटणे पुन्हा लावली. वरून दोनदा थोपटले.

“बापू, हा माझा लेख…”

“हो. बरोबर बसला.”

त्या दिवशी पहिल्या तासाला सरांनी मोसमी वारे शिकवले. आवाज मागच्या बाकापर्यंत खणखणीत जात होता. प्राचार्य मुद्दाम मागच्या दाराशी येऊन उभे राहिले, दहा मिनिटे ऐकत राहिले. सोमवारच्या बसविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. जाताना तेवढे विचारले, “लोणकर, तुम्ही हात वर केलात की कसला तरी चुरचुर आवाज येतोय. काय आहे?”

“लेख आहे, सर,” लोणकर म्हणाले.

सोमवारी पहाटे बसस्टँडवर सायकलची घंटी लांबूनच वाजत आली. स्वेटर आणि जाकीट आधीच कॅरिअरला बांधलेले. सर कुडकुडत होते आणि तोंडभर हसत होते.

“वाजतेय, बापू! मस्त वाजतेय!”

बापू पेपर मोजत होते. त्यांनी मान डोलावली.

“आणि ऐका. काल संपादकांचा फोन आला होता. पुढच्या शनिवारी आणखी एक लेख मागितलाय.” सर जरा घुटमळले. परवाचा तोरा आता नव्हता. “लिहू का? खरं सांगा. पहिला कसा वाटला ते तुम्ही अजून सांगितलंच नाही…”

बापूंनी गठ्ठा खाली ठेवला. बागांकडे पाहिले. आज शेकोट्या जास्त होत्या, धूर जमिनीलगतच पसरला होता.

“लिहा की,” बापू म्हणाले. “पण जरा ऐसपैस लिहा, सर… या आठवड्यात थंडी वाढणार हाय.”