सात सुऱ्या आणि एक दगड

एकदा एका बागेतली कलमे मरू लागली. एकदोन नव्हे, शेकड्याने.

बाग डोंगराच्या उतारावर होती आणि तिथल्या रोपवाटिकेतल्या आंब्याच्या कलमांना दूरदूरच्या गावांहून मागणी येत असे. रोपाचा शेंडा उडवायचा, उरलेल्या खुंटाला तिरका काप द्यायचा, नावाजलेल्या झाडाच्या काडीला तसाच काप द्यायचा आणि दोन्ही काप एकमेकांना भिडवून केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालपटाने, घट्ट बांधायचे, असे ते काम. दोन-तीन आठवड्यांत काडीला कोवळा कोंब फुटला की कलम लागले. त्या वर्षी कोंब फुटण्याआधीच काड्या काळ्या पडत होत्या.

रोपवाटिकेचा मुकादम होता भिकाजी. वय पन्नाशीच्या पुढचे, कामात काटेकोर, जिभेने तिखट. त्याच्या हाताखाली सात माणसे होती आणि सातांच्या सात सुऱ्या. सुऱ्या साध्या पोलादाच्या होत्या; न पुसता ठेवल्या तर सकाळपर्यंत गंज धरणाऱ्या, आंब्याच्या चिकाने काळ्या पडणाऱ्या. पण त्यांना येणारी धार दुसऱ्या कशाला येत नसे. रोज सकाळी भिकाजी स्वतः ती धार लावी. त्यासाठी त्याच्याजवळ करड्या रंगाचा, वीतभर लांबीचा, अत्यंत बारीक पोताचा एक दगड होता. तो त्याला त्याच्या गुरूने दिला होता, गुरूला त्याच्या गुरूने. ज्या खाणीतून तो निघाला ती केव्हाच बुजली होती. त्या दगडाला भिकाजी दुसऱ्याचा हात लागू देत नसे. धार लावून झाली की तो सुरी मनगटावरून फिरवी; केस उडाले की सुरी पसंत.

तेव्हा सुरीत दोष नाही, हे त्याच्या लेखी ठरलेले होते. उरली माणसे.

“काप सरळ द्या, सरळ!” तो दिवसातून पन्नास वेळा ओरडे. “डोळे फुटलेत का तुमचे? ही काडी बघ, ही बघ, ही पण मेली! इतकी वर्षं शिकवलं ते सगळं पाण्यात!”

त्या सातांत द्वारका नावाची एक बाई होती. बारा वर्षे ती तिथे कलमे बांधत होती. एके दिवशी ती म्हणाली, “मुकादम, सुरी कापते चांगली, पण पातं आपोआप वळतं. हात सरळ धरला तरी काप मधे खोल जातो.”

“बारा वर्षांत सुरी वळली नाही, ती आताच वळायला लागली?” भिकाजी उसळला. “हात वळतोय तुझा. जमत नसेल तर घरी बस.”

द्वारकाने सुरी पदराला पुसली, फळीवर ठेवली आणि ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. भिकाजीने बोलावणे धाडले नाही.

कलमे मरतच राहिली. शेवटी वैतागून भिकाजीने द्वारकाची सुरी उचलली आणि सगळ्यांना धडा म्हणून वीस कलमे स्वतः बांधली. मुकादम झाल्यापासूनच्या सहा वर्षांत त्याने कलम बांधले नव्हते, तरी हात विसरला नव्हता. वीस दिवसांनी पाहिले तर चार जगली होती. उरलेली सोळा त्याने कोणाचे लक्ष नाही असे पाहून उपटली, पालापाचोळ्याच्या ढिगात पुरली आणि तो या निष्कर्षावर आला, की सुऱ्या घडवणाऱ्या लोहाराने पोलादच हलके दिले आहे.

त्याच आठवड्यात बागेच्या मालकिणीचा निरोप आला. हंगामाचे नऊ दिवस राहिले आहेत. या नऊ दिवसांत बांधलेली कलमेही मेली तर पुढल्या वर्षी रोपवाटिका बंद. म्हणजे सातही घरांच्या चुली आणि भिकाजीची आठवी. सुऱ्यांचे गाठोडे बांधून, दगड पंच्यात गुंडाळून भिकाजी तडक नदीकाठी आपल्या गुरूकडे गेला. वृद्ध गुरू पूर्वी त्याच रोपवाटिकेचा मुकादम होता. आता घाटाजवळच्या झोपडीत राहून गावाच्या विळ्या-कोयत्यांना धार लावून देई.

“आबा, लोहारानं फसवलं मला,” भिकाजी उंबऱ्यातूनच म्हणाला. “पोलाद पारखून द्या, म्हणजे त्याला जाऊन जाब विचारतो.”

“बस. दगड आणलास?”

“आणलाय. पण दगडाचं काय? सुऱ्या बघा ना!”

म्हाताऱ्याने गाठोड्याची गाठसुद्धा सोडली नाही. त्याने दगड हातात घेतला, त्याच्या धार लावायच्या बाजूवरून तळवा फिरवला, मग चुलीतला कोळसा घेऊन त्यावर उभ्या-आडव्या रेघा ओढल्या. बाहेर येऊन घाटावरच्या सपाट फरशीवर मूठभर वाळू पसरली, पाणी शिंपडले, आणि रेघांची बाजू खाली करून तो दगड वाळूवर घासू लागला. खर्र, खर्र असा आवाज उठला. तीन पिढ्यांनी जिवापाड जपलेला दगड वाळूत झिजत होता.

“आबा! अहो, काय करताय हे?”

“घासतोय.”

“ते दिसतंय मला! असा दगड पुन्हा मिळणार आहे का? सुऱ्या बिघडल्यात म्हणून आलो तर तुम्ही दगड संपवायला निघालात!”

“दम लागला मला,” म्हातारा उठत म्हणाला. “आता तू घास.”

गुरूची आज्ञा. भिकाजी दातओठ खात बसला आणि घासू लागला. म्हातारा सावलीत जाऊन एका कोळणीच्या कोयतीला धार लावत राहिला, आणि त्या दोघांचे बोलणे निघाले ते यंदा खाडीत बोय मासा का दिसत नाही यावर. भिकाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ दिवस उरले होते, त्यातला एक वाळू घासण्यात चालला होता, आणि ज्याच्याकडे आशेने यावे तो माशांच्या गप्पा मारत होता. तीनदा तो मधेच ओरडला, “झालं का आबा?” तीनदा उत्तर आले, “घास अजून.”

दुपार कलली तेव्हा कोळीण गेली आणि म्हातारा जवळ आला. “उलटा कर.”

भिकाजीने दगड धुऊन उलटा केला. दोन्ही टोकांच्या रेघा साफ पुसल्या गेल्या होत्या. पण मधोमध, कोंबडीच्या अंड्याएवढ्या जागेत, कोळशाच्या रेघा जशाच्या तशा काळ्याभोर होत्या. अर्धा दिवस घासूनही वाळू तिथे पोहोचलीच नव्हती.

म्हाताऱ्याने गाठोड्यातली एक सुरी काढून तिचा पाठीकडचा कणा दगडावर आडवा टेकवला आणि दगड उन्हाकडे धरला. टोकांना कणा टेकलेला होता. मध्ये त्याच्याखालून उजेडाची चीर दिसत होती.

“भिका,” तो म्हणाला, “दगड सुरीला झिजवतो हे सगळ्यांना दिसतं. सुरीही दगडाला झिजवते, तिकडे कोणी बघत नाही. हात सवयीनं रोज मधूनच फिरतो, म्हणून खळगा मधेच पडतो. तो रोज केसभर पडतो, म्हणून रोज बघणाऱ्याला तो दिसत नाही. अशा दगडावर धार येते, येत नाही असं नाही. मनगटावरचे केसही उडतात. पण पात्याची सपाट बाजू फुगते, आणि फुगलेलं पातं काप मधे खोल करतं. तसे दोन काप बांधलेस की कडा भिडतात, आत पोकळी राहते. त्या पोकळीत काडी वाळते.”

भिकाजीने वाकून ती उजेडाची चीर पुन्हा पाहिली.

“एक माणूस चुकलं असतं, तर मीही त्याच्या हाताकडे पाहिलं असतं. एक सुरी बिघडली असती, तर लोहाराकडे. सगळेच्या सगळे एकाच जागी चुकायला लागले, की सगळ्यांना जे एकच लागतं ते आधी बघावं. सातही सुऱ्या एकाच दगडावरून जातात.” म्हाताऱ्याने सुरी गाठोड्यात ठेवली. “आणि सातही माणसं एकाच मुकादमाच्या हाताखालून.”

“हे सकाळीच सांगायचं होतंत!” भिकाजीचा राग अजून निवला नव्हता. “अर्धा दिवस फुकट गेला माझा.”

“सकाळी सांगितलं असतं, तर पटलं असतं तुला?”

भिकाजीने दगडाच्या मधल्या काळ्या रेघांवरून अंगठा फिरवला.

“का रे, सात माणसं रोज ती सुरी हातात धरतात,” म्हाताऱ्याने विचारले. “त्यातलं कोणी काही बोललं नाही?”

“एकजण बोलली होती.”

“मग?”

“घरी बसवली तिला.”

म्हाताऱ्याने दोष दिला नाही, की उपदेश केला नाही. त्याने मूठभर ताजी वाळू फरशीवर टाकली आणि तो म्हणाला, “काळं जाईपर्यंत घास. दगड थोडा पातळ होईल, होऊ दे.”

या खेपेला भिकाजीने ‘झालं का’ असे विचारले नाही. संध्याकाळी मधली शेवटची रेघ पुसली गेली. मग म्हाताऱ्याने एका सुरीची सपाट बाजू त्या दगडावर फिरवायला लावली. आधी पात्यावर फक्त मधला पट्टा चमकला. बराच वेळ घासल्यावर चकाकी कण्यापासून धारेपर्यंत पसरली. त्या सुरीने भिकाजीने आंब्याच्या दोन डहाळ्या कापल्या आणि काप एकमेकांवर टेकवून डोळ्यांसमोर धरले. कुठूनही उजेड दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बागेत जाण्याआधी, तो द्वारकाच्या अंगणात उभा राहिला. ती सुपात तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली नाही.

“द्वारकाबाई, सुरी वळत होती.”

“मला ठाऊक आहे.”

“तुमच्या सुरीनं मी वीस कलमं बांधली. सोळा मेली. मी ती पुरून टाकली, कोणाला कळू दिलं नाही.”

द्वारकाचे सूप थांबले. “हे बाकीच्या सहा जणांसमोर सांगाल?”

सहा वर्षे ज्यांना भिकाजी रोज सुनावत आला होता त्यांचे चेहरे त्याला दिसू लागले. “सांगतो,” तो म्हणाला.

“मग येते.”

त्याने सांगितले, सगळ्यांसमोर, द्वारका शेजारी उभी असताना. कोणी हसले नाही. त्या दिवशी सातांनीही आपापली सुरी त्या दगडावर स्वतः सपाट केली. दगडाला प्रथमच इतके हात लागले. उरलेल्या दिवसांत त्यांनी चारशे कलमे बांधली. त्यांतली तीनशेच्या वर लागली, आणि मालकिणीने रोपवाटिकेबद्दल पुन्हा काही निरोप धाडला नाही.

पुढल्या हंगामात सदोबा नावाच्या गड्याच्या एका ओळीतली कलमे वाळलेली दिसली. भिकाजीचा आवाज चढू लागला, आणि अर्ध्यावर थांबला. तो सदोबाशेजारी जमिनीवर बसला. “एक बांधून दाखव मला,” तो म्हणाला. सदोबाने बांधले. काप सरळ होता, सुरी उत्तम होती; सोपटाची गाठ मात्र सैल होती. चूक सदोबाचीच होती. भिकाजीने त्याच्या बोटांवर आपली बोटे ठेवून गाठ कशी आवळायची ते दाखवले, आणि मग दोन शब्द सुनावलेही.

“नेहमीसारखं आधीच ओरडाल वाटलं होतं,” सदोबा म्हणाला.

“ओरडणारच होतो,” भिकाजी म्हणाला. “पण आधी बघून घेतलं.”

हाताखालच्या माणसावर रागावण्याचा अधिकार जागेबरोबर आपोआप मिळतो. आधी बघून घेण्याची सवय मात्र ज्याची त्याला लावून घ्यावी लागते.